पहिल्या पगारापासूनच मृत्युपत्र हवं

बँकेत मृत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल माझ्याकडे आहे. "इतक्या लवकर मृत्युपत्र कोण करतं?" हे मी जवळजवळ प्रत्येक घरच्यांकडून ऐकते. म्हणून वयाच्या टप्प्यांनुसारच सांगते. हे सारं हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

नुकताच नोकरीला लागलेला, लग्न न झालेला मुलगा घ्या. मृत्युपत्र नसेल तर त्याचं सगळं आईला जातं. आई असेपर्यंत वडिलांना काहीच मिळत नाही, कारण आई पहिल्या वर्गातली वारस आणि वडील दुसऱ्या. त्याच्या शिक्षणासाठी वडिलांनी कर्ज काढलेलं असलं, तरी कायदा ते बघत नाही.

लग्नानंतर "माझ्यामागे सगळं बायकोचं" असं पुरुष गृहीत धरतात. तसं नाही. मागे बायको, दोन मुलं आणि आई असतील तर त्याच्या फ्लॅटचे चार समान हिस्से पडतात. मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असली तर त्यांचा हिस्सा विकायला आईलाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आईवडील दोघंही एकदम गेले तर मुलांना कोण सांभाळणार, तेही मृत्युपत्रात लिहून ठेवता येतं. लहान मुलं असलेल्यांनी तर हे आजच करावं.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती मूल नसलेल्या विधवेची. तिने स्वतःच्या पगारातून ठेव केली, घर घेतलं, आणि मृत्युपत्र न करता ती गेली, तर ते आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील त्यांच्यानंतर येतात. सासरशी संबंध तुटलेले असले तरी. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. कमावत्या बायांनो, एवढ्या एका कारणासाठी तरी लिहा.

"पण नॉमिनी लावलाय की!" नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, पण ते त्याने वारसांसाठी सांभाळायचे असतात. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं होतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विम्यात जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. बँकेतल्या ठेवींना ती सवलत नाही.

आता लिहायचं कसं. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. पण भावंडांत कुरबूर असेल तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदवून घ्याच. सुरुवातीला नाव, वय, तारीख आणि "याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे" हे वाक्य. मग कोणती वस्तू कोणाला, ते खाते क्रमांकासह. "सोनं मुलींना" असं मोघम लिहू नका. पाटल्या कोणाला, हार कोणाला, ते लिहा. शेवटी "याखेरीज माझी जी काही मिळकत असेल ती अमुक यांना" हे वाक्य हवंच, नाहीतर पुढे उघडलेलं खातं बाहेर राहतं. अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक नेमा. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहावं आणि तुमच्यासमोर स्वतः सही करावी. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

उतारवयात आणखी एक कागद करावा: उपचार कुठवर चालवायचे याचं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र. त्याला २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

लग्न, मूल, घटस्फोट, घरखरेदी, यांपैकी काहीही घडलं की मृत्युपत्र पुन्हा काढून वाचा. आणि ते फक्त तुमच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तो लॉकर उघडायलाच घरच्यांना माझ्या टेबलापाशी यावं लागतं.