कौलारू घराचं लाकूड कूज आणि वाळवीपासून कसं जपावं

वाळवी दिसली की आपण लगेच औषधवाल्याला बोलावतो. त्याआधी पाणी शोधा. जमिनीतून येणारी वाळवी माती आणि ओल यांच्यावर जगते. लाकूड कुजवणारी बुरशीही लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर वाढत नाही. ओल तशीच राहिली तर औषध मारूनही लाकूड कुजतच राहतं.

कोकणात हे काम एप्रिल-मेमध्ये, शाकारणीबरोबरच (कौलं उतरवून पुन्हा नीट बसवतात तेव्हा) काढावं. पाऊस लागला की लाकूड सुकत नाही.

आधी घर तपासा

जाड पेचकस आणि बॅटरी घेऊन खांबांचे बुंधे, दाराच्या चौकटीचे पाय, भिंतीत गेलेली तुळयांची टोकं आणि गळक्या कौलांखालचे वासे-रिपा बघा. पेचकसाचं टोक दाबा. निकोप लाकडात ते रुतत नाही. कुजक्या लाकडात अर्धा इंच सहज जातं आणि चौकोनी ठिकऱ्या सुटतात. ठोकून पोकळ आवाज आला तर वाळवीचा संशय धरा. ती वरचा रंगाचा पापुद्रा तसाच ठेवून आतून खाते.

भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी दिसली तर ती सगळी झाडून टाकू नका. मधला दोन इंचांचा तुकडा मोडा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा. नळी बुजवलेली असेल तर वाळवीची ये-जा चालू आहे. बुजवली नसेल तरी निर्धास्त होऊ नका, तिने दुसरी वाट धरलेली असू शकते.

लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर तो भुंगा. त्याला मातीशी देणंघेणं नसतं, त्यामुळे जमिनीत औषध मारून तो जात नाही.

पाणी घरापासून लांब न्या

जोतं मातीच्या वर निदान ८ इंच दिसलं पाहिजे. दरवर्षी भराव टाकून अंगण वर येतं, मग पागोळ्यांचे शिंतोडे थेट चौकटीवर उडतात. अंगणाला घरापासून १० फुटांत ६ इंच उतार द्या आणि पागोळी पडते त्या रेषेत चर काढा. फुटकी कौलं बदला. सरपण, शेणी, नारळाच्या झावळ्या भिंतीला टेकवून रचू नका.

लाकूड मातीपासून सोडवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही घर नवं करताना. जुने सुतार खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा करत, तो उगीच नव्हे. नवी फरशी घालताना जमीन चार इंच वर येते, तळखडा गाडला जातो आणि खांबाचा बुंधा सिमेंटात अडकतो. लाकूड आक्रसलं की भोवती केसाएवढी फट पडते. फरशी पुसतानाचं पाणी त्या फटीत उतरतं आणि तिथेच मुरतं. खालून वाळवी चढते तीही कोणाला न दिसता. चौकटीच्या पायांचंही तेच होतं.

बुंधा निकोप असेल तर भोवतीची दोन इंच फरशी कापून तळखडा मोकळा करा. कुजला असेल तर चांगलं लाकूड लागेपर्यंत खालचा भाग कापून तेवढ्या उंचीचा दगड बसवावा लागतो. वरच्या तुळईला जॅक आणि टेकू दिल्याशिवाय करवत लावू नका. हे काम जाणत्या सुताराकडूनच करून घ्या. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये जस्ताचा पत्रा घाला. त्याची कड चारी बाजूंनी दोन इंच बाहेर काढून खाली तिरपी वाकवा. पत्र्याने वाळवी मरत नाही, पण तिला उघड्यावरून वळसा घ्यावा लागतो आणि नळी तुमच्या नजरेस पडते.

ओल्या बुंध्याला डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका. ओल आत कोंडते आणि कूज वाढते.

मग औषध

छपराखालच्या, रंग नसलेल्या लाकडासाठी एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. ब्रशने दोन-तीन हात द्या. कापलेल्या टोकांना आणि भेगांना जास्त पाजा. पूर्ण सुकल्यावर तेल किंवा रंग लावा. पावसात भिजणाऱ्या लाकडावर हे टिकत नाही, धुऊन जातं.

वाळवी जमिनीतूनच येत असेल तर भिंत आणि फरशीच्या सांध्यात फुटाफुटावर १२ मि.मी.ची भोकं पाडून क्लोरपायरिफॉस २० ईसी (२० टक्के तीव्रतेचं, पाण्यात मिसळायचं वाळवीचं औषध) सोडतात. एक भाग औषधाला १९ भाग पाणी, आणि एका भोकात जास्तीत जास्त एक लिटर. नंतर भोकं सिमेंटने बुजवा. हातमोजे आणि मास्क हवेतच. मुलं आणि गुरं लांब ठेवा. विहिरीच्या बाजूला मात्र हे औषध सोडूच नका. जांभ्या दगडाच्या भेगांतून पाणी कुठल्या कुठे जातं, आणि ते तुम्हालाच प्यायचं आहे.

बंद घराची काळजी

चुलीच्या धुराने वासे कोरडे राहत. गॅस आल्यावर ते थांबलं, आणि घर मे ते गणपती कुलूपबंद असेल तर दमट हवा आतच राहते. झरोके बुजवू नका, बारीक जाळी लावून उघडे ठेवा. खोकी, रद्दी आणि गाद्या भिंतीपासून तीन इंच दूर, फळीवर ठेवा. शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन पंधरा दिवसांनी दारं-खिडक्या उघडायला सांगा. गणपतीला आलात की केर काढण्याआधी उंबऱ्याशी आणि खिडक्यांखाली बघा. गळून पडलेल्या पारदर्शक पंखांचा थर दिसला, तर पंख फुटलेली वाळवी बहुधा घरातूनच उडाली आहे. जवळची चौकट त्याच दिवशी पेचकसाने तपासा.