स्टॅट्स घड्याळावर नाही, लोडवर लावा

डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणून माझं पहिलंच वर्ष होतं. ऑरॅकल डेटाबेसवर व्यवहारांचं एक टेबल होतं: 60 कोटी ओळी, पार्टिशन (टेबलाचे वेगळे तुकडे) नाही, रोज पहाटे लोडमधून, म्हणजे नवा डेटा भरण्याच्या कामातून, 20 लाखांची भर. सकाळी साडेसहाचा रिपोर्ट एरवी चार मिनिटांत यायचा, त्या दिवशी नऊ वाजले तरी येईना. प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा, उघडला. तो आखणाऱ्या ऑप्टिमायझरचा अंदाज 22 ओळी, प्रत्यक्षात 20 लाख! त्या 22 ओळींच्या भरवशावर त्याने नेस्टेड लूप निवडला होता: एकेक ओळ घेऊन जुळणी शोधायची, थोड्या ओळींनाच परवडणारी पद्धत.

हा अंदाज येतो स्टॅट्सवरून, म्हणजे टेबलातल्या डेटाच्या साठवलेल्या आकडेवारीवरून. ती गोळा करणारा रात्रीचा ऑटोमॅटिक जॉब तर रोज चालत होता. पण टेबलाचा 10 टक्के भाग बदलल्याशिवाय तो स्टॅट्स शिळे धरत नाही. 60 कोटींचे 10 टक्के म्हणजे 6 कोटी, म्हणजे पुरा महिना. स्टॅट्समधली सर्वांत मोठी तारीख होती 11, रिपोर्ट मागत होता 29 तारखेचा डेटा. ऑप्टिमायझरच्या लेखी ती तारीख उजाडलीच नव्हती.

नव्या मुलांना मी हेच आधी तपासायला सांगतो: जॉब चालला का, हे नंतर, कमाल तारीख कुठवर आली, हे आधी.

स्टेल पर्सेंट, म्हणजे ही 10 टक्क्यांची मर्यादा, 1 केला तरी तीन दिवसांचं अंतर राहतंच. रोज सगळं गोळा करावं, तर ऑटो सँपल साइज हे डिफॉल्ट सेटिंग अख्खं टेबल वाचतं. या कामांसाठी राखलेली वेळ, म्हणजे खिडकी, सोमवार ते शुक्रवार रात्री 10 ते 2, तेवढ्यात ते उरकत नव्हतं. म्हणून पूर्ण स्टॅट्स रविवारी, कारण शनिवार-रविवारची खिडकी 20 तासांची असते. रोज लोडच्या शेवटच्या पायरीत सेट_कॉलम_स्टॅट्स या प्रोसिजरने फक्त कमाल तारीख पुढे सरकवायची. ऑटोमॅटिक जॉबने मध्ये हात घालू नये म्हणून स्टॅट्स लॉक, आणि आपल्या दोन्ही जॉबमध्ये फोर्स ट्रू, म्हणजे लॉक असूनही बदल करू द्या. टेबल पार्टिशन केलेलं असेल तर इन्क्रिमेंटल स्टॅट्स (फक्त बदललेल्या पार्टिशनचे गोळा होणारे) वापरा, बरेच कष्ट वाचतात.

एवढं करूनही दुसऱ्या सकाळी प्लॅन जुनाच! इथे माझे दोन तास गेले. नवे स्टॅट्स आले म्हणून मेमरीतले कर्सर, म्हणजे आधी बनवून ठेवलेले प्लॅन, लगेच बाद होत नाहीत. ऑरॅकल ते साधारण पाच तासांत टप्प्याटप्प्याने बाद करतं. आमचा लोड चारला संपायचा, रिपोर्ट साडेसहाला. नो_इनव्हॅलिडेट फॉल्स दिलं, म्हणजे कर्सर लगेच बाद करा, आणि रिपोर्ट पुन्हा चार मिनिटांवर आला.

आणि घाबरू नका. नव्या स्टॅट्सने प्लॅन बिघडलाच, तर रिस्टोर_टेबल_स्टॅट्स आहे. जुने स्टॅट्स डिफॉल्टने 31 दिवस जपून ठेवलेले असतात.