विंडोजचे गेम लिनक्स मिंटवर: ड्रायव्हरपासून प्रोटॉनपर्यंत

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेले असंख्य लॅपटॉप अधांतरी राहिले. ही यंत्रे बिघडलेली नाहीत. त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, इतकेच. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संचालन प्रणाली घालावी असे सुचवले, की घरातल्या मुलांचा, आणि पुष्कळदा मोठ्यांचाही, पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग गेमचे काय?

लिनक्सवर गेम चालत नाहीत ही समजूत दहा वर्षांपूर्वी बरीचशी खरी होती. आज एकट्याने खेळण्याच्या गेमपुरती ती खरी नाही. तरीही तक्रारी ऐकू येतात, आणि माझ्या अनुभवात त्यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ गेममध्ये नसून आधी करायच्या तीन-चार गोष्टी चुकीच्या क्रमाने केल्यात किंवा केल्याच नाहीत, यात असते. तो क्रम येथे सविस्तर मांडला आहे. उदाहरणासाठी लिनक्सचा लिनक्स मिंट हा प्रकार घेतला आहे, कारण विंडोजची सवय असलेल्या माणसाला ते सर्वांत कमी परके वाटते आणि त्यातली जवळजवळ सर्व कामे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, न उघडता करता येतात.

आधी स्वतःच्या गेमची यादी तपासावी

काहीही डाउनलोड करण्यापूर्वी आपण प्रत्यक्षात कोणते गेम खेळतो ते कागदावर लिहावे आणि प्रत्येकाचे नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधावे. खेळणाऱ्यांनी स्वतः पाठवलेल्या अनुभवांवरून तेथे गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा बोर्क्ड अशी श्रेणी मिळते. श्रेणी पाहून थांबू नये. खालचे अलीकडचे दोन-चार अनुभव वाचावेत आणि त्यातही आपल्यासारखेच ग्राफिक्स कार्ड असलेल्याचा अनुभव आधी वाचावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' खेळायचा असेल, तर त्याचीही चौकशी याच ठिकाणी करावी.

ऑनलाइन स्पर्धेचे गेम हा मात्र वेगळा आणि अवघड विषय आहे, आणि त्याबाबत कोणालाही खोटी आशा दाखवू नये. फसवणूक रोखण्यासाठी या गेमसोबत अँटी-चीट नावाचा पहारेकरी येतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या व्यवस्थांनी २०२१ मध्ये लिनक्सची वाट मोकळी केली. पण ती वाट प्रत्येक गेमसाठी उघडायची की नाही, हे त्या गेमची कंपनी ठरवते, आणि कित्येक कंपन्यांनी ती उघडलेली नाही. 'फोर्टनाइट' लिनक्सवर चालत नाही. 'व्हॅलोरंट'चा व्हॅनगार्ड हा पहारेकरी विंडोजच्या थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बसतो, त्यामुळे तो गेमही चालत नाही. 'एपेक्स लेजेंड्स' आधी चालत होता, पण २०२४ च्या अखेरीस कंपनीनेच तो लिनक्ससाठी बंद केला. उलट 'डोटा २' आणि 'काउंटर-स्ट्राइक २' यांच्या खास लिनक्ससाठी बनवलेल्या आवृत्त्या आहेत. बंद असलेला गेम आडमार्गाने चालवू पाहिल्यास खाते कायमचे गमावण्याचा धोका असतो. असा एखादा गेम रोजचा असेल, तर विंडोज पुसू नये. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात.

पडद्यामागे काय घडते

विंडोजचा गेम विंडोजकडे सतत काही ना काही मागत असतो: ही फाइल उघड, हा आवाज वाजव, हे चित्र काढ. १९९३ पासून विकसित होत असलेला वाइन हा प्रकल्प या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपात पोहोचवतो. तो आख्ख्या संगणकाची नक्कल करत नाही, म्हणूनच वेग फारसा पडत नाही. चित्र काढण्याची भाषा हा खरा अडसर होता, कारण विंडोजचे गेम डायरेक्टएक्स वापरतात आणि लिनक्सवर ते नाही. २०१६ मध्ये व्हल्कन हे अनेक प्रणालींवर चालणारे ग्राफिक्स माध्यम आले आणि तो अडसर दूर होऊ लागला: डायरेक्टएक्स ९ ते ११ च्या आज्ञा व्हल्कनमध्ये उतरवणारे डीएक्सव्हीके आणि डायरेक्टएक्स १२ साठीचे व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन ही दोन साधने त्याच्या आधाराने उभी राहिली. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन आणि डीएक्सव्हीके यांची मोट बांधून प्रोटॉन या नावाने स्टीम या आपल्या ऑनलाइन गेम-दुकानात आणली. २०२२ साली बाजारात आलेला, हातात धरून खेळायचा स्टीम डेक याच प्रोटॉनवर चालतो.

हे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. सगळी मदार व्हल्कनवर असल्यामुळे आपले ग्राफिक्स कार्ड व्हल्कन किती चांगले जाणते, यावर पुढचे यश ठरते. डीएक्सव्हीकेच्या सध्याच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स त्यात बसते. चौथ्या पिढीपर्यंतचे बसत नाही. एनव्हिडियाची ६०० मालिका आणि ७०० मालिकेतली बहुतेक कार्डेही बसत नाहीत. अशा यंत्रावर ल्युट्रिस या प्रोग्रॅममध्ये डीएक्सव्हीकेचा पर्याय बंद करून जुन्या ओपनजीएलच्या वाटेने हलके, जुने गेम चालवता येतात, परंतु नव्या मोठ्या गेमची अपेक्षा ठेवू नये.

मिंट बसवताना

आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. मिंटची आयएसओ फाइल अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी आणि रूफस किंवा बॅलेना एचरने पेन ड्राइव्हवर उतरवावी. त्यावरून संगणक सुरू केल्यावर काहीही न बसवता मिंट वापरून पाहता येते. वाय-फाय, आवाज, टचपॅड आणि पडद्याची प्रखरता येथेच तपासून घ्यावी. विंडोज शेजारी ठेवायचे असल्यास डिस्कवरची जागा विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करावी, फास्ट स्टार्टअप बंद करावे आणि बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ग्राफिक्स कार्ड अगदी ताजे असेल, तर मात्र मिंटचा आग्रह धरू नये. मिंट दीर्घकाळ स्थिर राहणाऱ्या उबुंटूवर आधारलेले असल्याने नव्या कार्डाचा आधार त्यात उशिरा पोहोचतो. तेथे फेडोरा किंवा खास गेमसाठी तयार केलेले बझाइट अधिक योग्य ठरते.

ड्रायव्हर

ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि प्रणाली यांना जोडणारा प्रोग्रॅम. एएमडी आणि इंटेलच्या बाबतीत येथे करण्यासारखे काही नाही. त्यांचे मेसा ड्रायव्हर आधीच आलेले असतात. अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्यावेत आणि पुढे जावे.

एनव्हिडियासाठी 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडावा आणि तेथे 'रेकमेंडेड' असे लिहिलेला ड्रायव्हर निवडावा. ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठी ५८० ही शेवटची शाखा आहे, त्यामुळे त्याहून मोठा क्रमांक दिसला तरी मोह टाळावा. संगणकात सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी प्रोग्रॅम रोखणारी सोय) चालू असेल, तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुन्हा सुरू होताना निळ्या पार्श्वभूमीचा एक पडदा येतो. त्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाबरून किंवा न वाचता तेथे 'कंटिन्यू' दाबले, की ड्रायव्हर बसलेला असूनही चालू होत नाही. मग गेम कमालीचा रखडतो आणि दोष लिनक्सला दिला जातो.

लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन ग्राफिक्स असतील, तर खालच्या पट्टीत एनव्हिडियाचे चिन्ह दिसते. त्यात 'ऑन-डिमांड' ठेवल्यास बॅटरी वाचते, पण गेम चुकून इंटेलवर चालू शकतो. पहिल्या दिवशी थेट 'परफॉर्मन्स' निवडावे, सर्व सुरळीत असल्याची खात्री करावी आणि मगच बॅटरीचा विचार करावा.

स्टीम आणि प्रोटॉन

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम दोन रूपांत दिसते: एक सिस्टिम पॅकेज आणि दुसरे फ्लॅटपॅक. सिस्टिम पॅकेज घ्यावे. फ्लॅटपॅक बंदिस्त खोलीत चालत असल्याने त्याला दुसरी डिस्क आपोआप दिसत नाही, आणि नवख्या माणसाला तो अडथळा कशामुळे आला ते कळत नाही.

लॉगिन झाल्यावर 'सेटिंग्ज'मधल्या 'कम्पॅटिबिलिटी' या पानावर जावे. सर्व गेमसाठी स्टीम प्ले वापरण्याचा पर्याय तेथे असल्यास चालू करावा; नव्या आवृत्त्यांत तो सहसा आधीच चालू असतो. एवढे केल्यावर विंडोजच्या गेमसमोरही 'इन्स्टॉल'चे बटण येते. पहिल्यांदा गेम सुरू करताना 'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स' असा संदेश बराच वेळ दिसू शकतो. गेम अडकलेला नसतो. खेळताना मध्येच झटके बसू नयेत म्हणून चित्रांची पूर्वतयारी चाललेली असते. शेडरसाठी स्टीम अधूनमधून मोठी डाउनलोडही करते, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा मोजून वापरणाऱ्यांनी 'डाउनलोड्स'च्या पानावरून शेडर प्री-कॅशिंग बंद करावे.

एपिक आणि जीओजी या दुकानांत घेतलेल्या गेमसाठी हिरोइक गेम्स लाँचर बसवावा. त्यात प्रोटॉनची आवृत्ती निवडणे आणि गेम चालू असताना यंत्राची ताकद त्याच्याकडे वळवणारा गेममोड चालू करणे या गोष्टी साध्या बटणांनी होतात. बॅटल डॉट नेटसारख्या इतर दुकानांसाठी ल्युट्रिस उपयोगी पडतो.

गेम कोणत्या डिस्कवर ठेवावेत

या मुद्द्यावर थोडे थांबून लिहितो, कारण यात माझ्या दोन सुट्ट्या गेल्या. दोन्ही प्रणालींना एकच गेम वापरता यावा, म्हणून मी सगळा संग्रह एनटीएफएस या विंडोजच्या मांडणीतल्या डिस्कवर ठेवला होता. युक्ती सोयीची वाटते, पण प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटे आभासी विंडोज तयार करतो, आणि त्यात 'सी' या अक्षरापुढे विसर्गासारखे अपूर्णविरामाचे चिन्ह असलेल्या नावाचा दुवा लागतो. विंडोजच्या नियमांनुसार ते चिन्ह नावात चालत नाही. परिणामी एखादा गेम सुरू होतो, एखादा होत नाही, आणि मधूनच विंडोज त्या डिस्कवर दोष असल्याचे सांगून तपासणी सुरू करते. मी ड्रायव्हर बदलले, प्रोटॉन बदलला, शेवटी गेम ईएक्सटी४ या लिनक्सच्या मांडणीतल्या डिस्कवर पुन्हा उतरवला आणि तो पहिल्याच वेळी सुरू झाला. म्हणून मिंट बसवतानाच गेमसाठी पुरेशी जागा ईएक्सटी४ मध्ये राखावी. हल्लीचे मोठे गेम शंभर जीबीच्या घरात जातात, त्यामुळे लिनक्सला पन्नास जीबी देऊन भागणार नाही.

गेम सुरू झाला नाही तर

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गेमवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'कम्पॅटिबिलिटी'त जावे आणि प्रोटॉनची आवृत्ती बदलून पाहावी: आधी सर्वांत वरच्या क्रमांकाची स्थिर आवृत्ती, मग 'प्रोटॉन एक्सपेरिमेंटल'. गेम चालतो पण मधले व्हिडिओ काळे किंवा रंगीत पट्ट्यांचे दिसतात, असे असेल तर पेटंटच्या बंधनातले व्हिडिओ प्रकार हे त्याचे नेहमीचे कारण असते. त्यासाठी प्रोटॉनअप-क्यूटी या साधनाने जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची अनधिकृत, सुधारित आवृत्ती बसवून निवडावी. गेमची लिनक्ससाठीची मूळ आवृत्ती असली, तरी ती कित्येकदा वर्षानुवर्षे दुर्लक्षित असते. ती अडखळत असल्यास याच पानावरून प्रोटॉन लादावा, म्हणजे विंडोजची आवृत्ती उतरते आणि ती अधिक चांगली चालल्याचे अनेकदा दिसते.

त्यानेही भागले नाही, तर स्टीमच्या 'स्टीमॲप्स' फोल्डरातल्या 'कम्पॅटडेटा'मध्ये त्या गेमच्या क्रमांकाचा फोल्डर असतो, तो काढून टाकावा. पुढच्या वेळी गेम सुरू करताना प्रोटॉन तो नव्याने तयार करतो. मात्र स्टीम क्लाउड नसलेल्या गेमची प्रगती याच फोल्डरात, 'स्टीमयूजर' या वापरकर्त्याच्या नावाखाली साठवलेली असते, म्हणून पुसण्यापूर्वी तिची प्रत बाहेर काढून ठेवावी.

कंट्रोलरसाठी सहसा काही करावे लागत नाही. एक्सबॉक्सचा कंट्रोलर वायरने जोडताच चालतो, आणि प्लेस्टेशनच्या कंट्रोलरचा आधारही कर्नलमध्येच आहे.

खटपट करून गेम चालला, तर प्रोटॉनडीबीवर आपला अनुभव नोंदवावा. स्टीमच्या 'हेल्प' मेनूतली 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' तेथे जशीच्या तशी चिकटवता येते. तिच्यात कार्ड, ड्रायव्हर आणि कर्नल यांची माहिती आपोआप येते. प्रोटॉनची कोणती आवृत्ती वापरली आणि नेमके काय बदलावे लागले, एवढेच शेवटी स्वतः लिहावे.