नमुना कुणाचा, निष्कर्ष कुणाबद्दल?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. खाली करपलं आणि वर कच्चं राहिलं असेल, तर वरचं शीत दाबून काहीच कळत नाही. राज्यसेवेचा सीसॅट (आकलन आणि तर्क तपासणारा पेपर) असो की बँकेच्या अधिकारीपदाची परीक्षा, सर्वेक्षणावरून निष्कर्ष काढणारा उतारा आला की पहिला प्रश्न हाच: शीत कुठून उचललं?

सुरुवात शेवटाकडून करा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून स्पष्ट होते’ यांच्या पुढचं वाक्य हा निष्कर्ष. तो कुणाबद्दल बोलतोय, त्या शब्दांखाली रेघ मारा. मग मागे जाऊन प्रत्यक्षात कुणाला विचारलं ते शोधा आणि तिथेही रेघ मारा. दोन्ही शब्द समासात शेजारी-शेजारी लिहा. या कामाला पंधरा-वीस सेकंद लागतात, पण ते डोक्यातल्या डोक्यात करू नका. वाचताना मन दोन गटांना आपोआप एक करून टाकतं आणि प्रश्न रचणारा त्याचाच फायदा घेतो.

सरावासाठी रचलेला एक उतारा घ्या. ‘सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी 12 ते 4 या वेळेत 500 घरी जाऊन, दार उघडणाऱ्या व्यक्तीला ती काम कुठे करते असे विचारले. काम करणाऱ्यांपैकी 70 टक्के व्यक्तींनी आपण घरीच काम करतो असे सांगितले. त्यामुळे पूर्व भागातील बहुतेक कामगार घरीच काम करतात.’

समासात लिहा: ‘पूर्व भागातील कामगार’ आणि ‘दुपारी दार उघडणारे’. आता दार कोण उघडेल ते बघा. विडी वळणारी बाई घरीच सूप मांडीवर घेऊन बसलेली असते, ती उघडेल. दिवसपाळीचा यंत्रमाग कामगार कारखान्यात असतो. रात्रपाळीचा घरी असला तरी झोपलेला असतो. म्हणजे नमुन्यात येणं न येणं हे विचारलेल्या गोष्टीवरच ठरतंय: काम घरी असेल तर माणूस सापडतो, बाहेर असेल तर सापडत नाही. याहून वाईट नमुना नाही.

पर्यायांमध्ये ‘500 ही संख्या फार कमी आहे’ हा जवळपास हमखास असतो आणि इथेच सर्वाधिक गुण जातात. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 500 जणांवरून टक्केवारी साधारण साडेचार टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेनं कळते, मग शहर कितीही मोठं असो. उलट वरच्या पद्धतीनं 5,000 दारं ठोठावली तरी तीच चूक दहापट मोठ्या आकड्यानिशी हाती येईल. 1936 मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या, 23 लाखांहून जास्त परत आल्या आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या काळात या गोष्टी ज्यांच्या घरी होत्या, त्यांचा कल वेगळा होता. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवायची तसदी घेतली, तेही सगळ्यांसारखे नव्हते. ‘नमुना लहान आहे’ हा पर्याय लगेच खोडू नका, पण दोन-चार उदाहरणांवरून उडी मारली असेल तरच त्याचा विचार करा.

दोन गट वेगळे निघाले की चूक सापडली, असंही नाही. तो फरक विचारलेल्या गोष्टीशी जोडलेला हवा. समजा, कारखान्यातल्या फक्त लाल चादरी तपासल्या. चादरींची लांबी ठरलेल्या मापाची आहे, असा निष्कर्ष असेल तर हरकत घेण्यासारखं फारसं नाही, कारण रंगामुळे लांबी बदलत नाही. निष्कर्ष ‘आमच्या चादरींचा रंग जात नाही’ असा असेल, तर मात्र तो कोसळतो. प्रत्येक रंगाचा पक्केपणा वेगळा असू शकतो. म्हणून समासातल्या दोन शब्दांमध्ये ‘आणि याचा उत्तरावर परिणाम होतो, कारण...’ असं वाक्य पुरं करून बघा. कारण सुचलं नाही, तर तो पर्याय सोडा.

काही नमुने वेळेमुळे बिघडतात. जानेवारीत सोलापूरला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतली गिऱ्हाइकं मोजून वर्षभराच्या विक्रीचा अंदाज बांधला, तर तो फुगणारच. आपणहून फोन करणाऱ्यांची मतंही अशीच, कारण फोन रागावलेला करतो किंवा खूष झालेला. सगळ्यात उशिरा लक्षात येतो तो उरलेल्यांचा नमुना. ‘आज चालू असलेल्या 60 कारखान्यांपैकी 55 मालक म्हणतात की कर्ज काढून माग घेणं फायद्याचं ठरलं.’ कर्जापायी ज्यांचे माग भंगारात गेले, ते या साठांत असणारच नाहीत. उताऱ्यात ‘चालू’, ‘यशस्वी’, ‘अजूनही’ असे शब्द दिसले की गळालेले कुठे आहेत ते विचारा.

युक्तिवाद कमकुवत करायचा असेल, तर दोन गटांतला असा फरक सांगणारा पर्याय निवडा. बळकट करायचा असेल, तर दोन्ही गट या बाबतीत सारखेच आहेत असं सांगणारा. गृहीतक विचारलं असेल, तर पर्याय नाकारून बघा. ‘दुपारी घरी असणारे इतर कामगारांसारखे नाहीत’ म्हणताच निष्कर्ष ढासळला, म्हणजे तेच गृहीतक.

निष्कर्षाचा आवाका मात्र नीट वाचा. ‘पूर्व भागातील काही कामगार घरी काम करतात’ एवढंच म्हटलं असेल, तर दार उघडणारी ती एकटी बाईसुद्धा पुरेशी आहे, नमुन्यात खोट काढू नका. ‘बहुतेक’, ‘सर्व’, ‘सरासरी’, ‘सर्वसाधारणपणे’ किंवा टक्केवारी आली, की पेन पुन्हा समासापाशी आणा.