उद्यमनगरात काय होत नाही ते आधी बघा: ऐंशीच्या दशकातली मर्सिडीज घेताना

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्यापुढं तुटका पार्ट ठेवा, तो चष्मा कपाळावर सरकवून बघेल आणि म्हणेल, "ठेवून जा, संध्याकाळी या." माझं स्वतःचं वर्कशॉप तिथंच आहे. त्यामुळं जुनी मर्सिडीज घ्यायची ठरवली तेव्हा मी निर्धास्त होतो. जे मोडेल ते करून घेऊ, त्यात काय! या मिजाशीत पहिल्या गाडीत दोन लाख ऐंशी हजार घातले आणि ती गाडी शेवटी तुकड्या-तुकड्यांत विकली.

दुसऱ्या वेळी हिशेब उलटा मांडला. लोखंडाचं काम आपल्या गावात होतंय, तेव्हा त्याची काळजी शेवटी. जे होत नाही ते आधी बघायचं: गंज, पुराचं पाणी आणि कागद. आज दारात उभी असलेली १९८३ ची २४०डी अशी बघून घेतलेली आहे.

कुठली घ्यायची

मर्सिडीजचं डब्ल्यू१२३ मॉडेल. १९७६ पासून ८५-८६ पर्यंत ही गाडी निघाली, साधारण सत्तावीस लाख. त्यात पुन्हा २४०डी, आणि तीही हातानं गिअर टाकायची.

कारण सांगतो. या गाडीचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन म्हणजे ओएम६१६. हेच इंजिन बजाज टेम्पोनं, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सनं, परवाना घेऊन आपल्याकडं बनवलं. ट्रॅक्स जीपमध्ये तेच, ट्रॅव्हलर मिनीबसमध्येही तेच. गगनबावड्याला, राधानगरीला जी शेअर भाड्याची वडाप जीप तीस वर्षं माणसं कोंबून घाट चढली, तिचं काळीज आणि या बेंझचं काळीज एका घराण्यातलं. आतला बराच माल जुळतो. सगळा नाही, जुना पार्ट शेजारी ठेवून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. पण ट्रॅक्सवर हयात घालवलेला मिस्त्री या इंजिनाला घाबरत नाही, आणि असे मिस्त्री आपल्याकडं अजून आहेत.

३००डी पाच सिलिंडरची, चालवायला जास्त गोड. मिळाली तर नाही म्हणू नका. पेट्रोलच्या २३०ई मध्ये बॉशचं मेकॅनिकल इंजेक्शन असतं. ते बिघडलं की सेट करणारा माणूस शोधायला पुणे-मुंबई. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय आणि त्या जुन्या गाडीतलं रबर त्याच्यासाठी बनवलेलंच नाही. आपल्याच उसानं आपल्याच गाडीची नळी खावी, हे मला तरी बघवणार नाही.

१९८२ ला आलेली मर्सिडीजचीच १९० लहान आणि नेटकी, पण तिच्या मागच्या चाकाला पाच-पाच लिंका, प्रत्येकीला झिजणारे रबरी बुश. बीएमडब्ल्यूची ई३० सुंदरच. सहा सिलिंडरच्या एम२० इंजिनाला मात्र टायमिंग चेन नाही, रबरी बेल्ट आहे. तो तुटला की वॉल्व पिस्टनला भिडतात. फोटो काढा आणि पुढं चला.

पूर

इकडच्या माणसानं सगळ्यात आधी हे बघायचं. २०१९ चा ऑगस्ट आठवा, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हा पंचगंगेच्या काठच्या बंगल्यांत ज्या गाड्या उभ्या होत्या त्या कुठं गेल्या? धुतल्या, पुसल्या आणि विकल्या.

माझी पहिली गाडी त्यातलीच. पांढरी २३०ई, २०२० मध्ये घेतली. आतून अत्तराचा वास येत होता, तिथंच मला शंका यायला हवी होती. दोन महिन्यांनी मागचा दिवा जाईना-लागेना म्हणून काच खोलली, तर आत दोन बोटं वाळलेला गाळ. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नखांत राहतो तसा प्रत्येक कोपऱ्यात बसलेला. मग दाराचं पॅड काढलं. आतल्या पत्र्यावर सरळ रेघ, पट्टीनं ओढल्यासारखी. रेघेच्या वर कारखान्याचा रंग, खाली तांबूस पापुद्रा. चारही दारांना एकाच उंचीवर.

तेव्हा दिव्याच्या काचा खोलून बघा. मागची सीट खालच्या खिट्या दाबल्या की उचलून येते, ती उचला. या गाड्यांच्या सीटमध्ये स्पंजाऐवजी केसांचा काथ्यासारखा थर असतो. एकदा भिजला की वर्षानुवर्षं ओल्या घोंगडीचा वास देतो आणि कुठल्याही अत्तराला जुमानत नाही. सीटखालच्या स्प्रिंगा आणि बोल्ट गंजलेले, पण बाहेरचा पत्रा चकाचक, असं दिसलं तर तिथूनच नमस्कार करा. विकणारा "सीट कशाला काढताय?" म्हणाला, तर त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

गंज

लोहचुंबक घेऊन जा. फडक्यात गुंडाळा, नाहीतर रंगावर ओरखडा जाईल आणि पुढचं बोलणं बिघडेल. दाराखालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथं चुंबक धरत नाही तिथं पुट्टी भरलेली आहे.

दाराखाली गाडी उचलायला चार गोल भोकं असतात, त्यांवर रबरी बूच. बूच काढून बोट घाला. हातात चुरा आला तर जॅक लावायलाच जागा उरलेली नाही, म्हणजे दाराखालची ती अख्खी पट्टी बदलायची. मग डिकीतलं मॅट उचला आणि स्टेपनीची खोलगट जागा बघा. मागच्या काचेच्या रबराखालून आलेलं पाणी तिथंच साठतं. पुढं बॅटरीखालचा पत्रा, आणि पायाखालचं कार्पेट. कार्पेट नवीन असेल तर नक्की उचला. गाडी कोकणातली असेल, रत्नागिरी-मालवण-गोवा, तर पिटवर चढवून खालून बघितल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नका. मी हे सगळं एका पावसाळी दिवशी इचलकरंजीत एका शेडमध्ये पालथा पडून केलंय. मालक शेजारी छत्री धरून उभे होते. माणूस भला होता, गाडी मात्र पापड झालेली.

इंजिन

जायच्या आधी फोनवर एवढंच सांगा, "आम्ही येईपर्यंत चालू करू नका." पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर गप्पा मारत दोन तास बसा. गरम डिझेल कुणाचंही चालू होतं, थंड इंजिन खरं बोलतं. हीटर प्लगचा दिवा विझू द्या, मग चावी फिरवा. थोडा धूर येऊन निवळला तर ठीक. निळा धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय.

आता आमच्या मिस्त्रीमामांची परीक्षा. बॉनेट पूर्ण उघडा. दुसऱ्या टप्प्यात ते पार सरळ उभं राहतं, काय सोय केली आहे बघा. इंजिन चालू असताना वरचं ऑइल भरायचं झाकण सोडवायचं आणि उलटं करून तिथंच नुसतं ठेवायचं. झाकण जागच्या जागी थरथरलं, थोडं नाचलं तर इंजिनात दम आहे. उडून खाली पडलं तर बॅक कॉम्प्रेशन. रिंगा आणि सिलिंडर गेले. आता दारात असलेली ही २४०डी सांगलीच्या एका डॉक्टरांची; ती बघायला गेलो तेव्हा मामांनी झाकण ठेवलं आणि हाताची घडी घालून मिनिटभर नुसते बघत उभे राहिले. डॉक्टरांना वाटलं, काहीतरी बिघडलं. मामा वळून मला हळूच म्हणाले, "दादा, पैसे आणलाय न्हवं?"

गंमत अशी की झाकण उडालेली गाडीही आपण घेऊ शकतो. बोअरिंग, रिंगा, बेअरिंग हे सगळं इथं होतं. त्याचे पैसे किमतीतून कापून घ्या, एवढंच. तसंच ऑइल प्रेशरच्या काट्याचं. गरम इंजिन जरा रेस केल्यावर काटा ३ वर जाऊन टेकला पाहिजे. टेकला नाही तर भाव पाडा, गाडी सोडू नका.

मग चावी बंद करा. इंजिन बंद होतंय का बघा. हसू नका, या डिझेलला बंद करायचं काम व्हॅक्युमवर चालतं. तोच व्हॅक्युम चारी दारांची कुलपं लावतो. मागच्या दारातला एक रबरी पडदा फाटला तरी चावी काढल्यावर इंजिन आपलं चालूच. डॉक्टरांच्या गाडीचं हेच झालं होतं. त्यांचा ड्रायव्हर सवयीनं खाली उतरायचा, बॉनेट उघडून 'स्टॉप' लिहिलेला लिव्हर दाबायचा आणि घरी जायचा. किती वर्षं असं चाललंय, तेही कुणाला आठवत नव्हतं. दुरुस्ती अवघड नाही, गळती शोधायला चिकाटी लागते. ते रबरी पडदे मात्र मागवावेच लागतात, लेथवर रबर निघत नाही.

चालवून बघायला पन्हाळ्याला न्या. वाघबीळवरून वर चढताना पाण्याचा काटा शंभराकडं सरकायला लागला तर रेडिएटर तुंबलाय. गाडी ओढत नाही अशी तक्रार मात्र करू नका. ७२ हॉर्सपॉवर आणि एवढं धूड; शंभरचा वेग गाठायला वीस सेकंदांच्या वर लागतात. मागून बुलेटवाला हॉर्न देईल, देऊ दे. उतरताना गिअर बदलून पायाखाली धक्का बसतो का बघा, बसला तर प्रोपेलर शाफ्टचं रबर कपलिंग गेलंय.

कागद

ही गाडी आता बाहेरून आणता येत नाही. देशात आहे त्यातलीच घ्यायची. त्या काळी आलेल्या गाड्या बहुतेक परदेशातून परतलेल्या लोकांच्या, नाहीतर वकिलातींच्या. वकिलातीच्या गाड्या एसटीसी, म्हणजे सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. जुन्या फायलीत कस्टमचं बिल ऑफ एंट्री किंवा एसटीसीचा कागद निघाला तर दुधात साखर.

आरसी हातात घेऊन गाडीवरचे नंबर अंक-अंक जुळवा. चासी नंबर इंजिनाच्या मागच्या भिंतीवर ठोकलेला असतो, तोच पुढं रेडिएटरवरच्या पट्टीवरच्या पाटीवर. २४०डी असेल तर त्यात १२३१२३ आलंच पाहिजे, आणि त्यापुढचा आकडा २ म्हणजे उजव्या हाताचं स्टेअरिंग. १ असेल तर गाडी डावीकडच्या स्टेअरिंगची होती आणि नंतर कुणीतरी पालटली. इंजिनाचा नंबर ६१६ नं सुरू होतो. तसा नसेल तर बहुधा ट्रॅक्सचं इंजिन आत बसलंय. चालायला काही वाईट नाही, पण आरसीवर त्याची नोंद आहे का? नसेल तर ते काम मालकाकडून आधी करून घ्या.

नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. इथंच लोक फसतात. इम्पोर्टेड चारचाकीची नूतनीकरणाची फी २०२२ पासून ४० हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती ८० हजार केली. वर पर्यावरण कर. तेव्हा "कागद संपलेत, पण होऊन जातील" असं कुणी म्हणालं तर किमतीतून लाखभर तिथंच उतरवा. आणि एजंट "विंटेजमध्ये करून देतो" म्हणाला तर गाडीचं साल विचारा. विंटेजला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, आणि ती नोंदणी रोजच्या फिरण्यासाठी नसतेच.

गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी मालकानंच काढून द्यायची. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्यासमोर सही. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसांच्या नावावर, मग तुमच्या. डॉक्टरांच्या गाडीवर १९९१ चं बँकेचं कर्ज चढवलेलं होतं, फिटलेलं, पण आरसीवरून कुणी उतरवलंच नव्हतं. त्या एका ओळीसाठी फॉर्म ३५ घेऊन मी बँकेच्या चार फेऱ्या मारल्या. त्या शाखेतल्या आजच्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळी ऑइलं, पाणी, ब्रेक फ्लुइड, डिझेलचे दोन्ही फिल्टर आणि रबरी नळ्या बदला. पंपाजवळचा छोटा पारदर्शक फिल्टर महिन्यानं पुन्हा बघा. तो काळा झाला तर टाकीचा तळ साफ करायला आलाय.

मग वॉल्वची फट. थंड इंजिनावर इनलेटला ०.१०, एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. बेंझमध्ये ही फट हातानं लावावी लागते आणि त्याला चौदाचे वाकडे पाने लागतात. बाजारात मिळेनात, म्हणून मी दोन साधे पाने भट्टीत लाल करून वाकवून घेतलेत. कुणाला लागले तर वर्कशॉपवर या आणि घेऊन जा. वहीत नाव लिहा. मागच्या वेळी एक जोडी जयसिंगपूरला गेली ती अजून आलेली नाही.