घरच्या गॅरेजसाठी एअर कॉम्प्रेसर: घ्यावा कसा, सांभाळावा कसा

ऐन जुलैत एकदा कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडला आणि खाली श्रीखंडाचा रिकामा डबा धरला. महिनाभर तो कॉक मी उघडलाच नव्हता. आधी फुर्र करून तुषार उडाले, मग धार लागली. कोऱ्या चहाच्या रंगाचं, गंजाचा वास येणारं पाणी. अर्ध्या किलोचा डबा निम्मा भरला. टाकीत पाणी कोणी ओतलं नव्हतं, ते हवेतूनच आलं होतं. त्या दिवसापासून कोणी कॉम्प्रेसर घ्यायचं म्हटलं की मी किमतीच्या आधी या कॉकबद्दल बोलतो. पण क्रमाने जाऊ.

आधी कामं लिहून काढा

फक्त चाकात हवा भरायची असेल तर कॉम्प्रेसर घेऊच नका. गाडीच्या 12 व्होल्टवर चालणारा छोटा पंप पुरतो आणि डिकीत मावतो. पंखे, एसीची जाळी, गाडीचा एअर फिल्टर यांवरची धूळ उडवायची, घरातल्या गाड्या-सायकलींत हवा भरायची, कधीमधी खिळे ठोकणारी नेलगन चालवायची, एवढं काम असेल तर 24-25 लिटरची टाकी योग्य. चाकांचे नट खोलायला इम्पॅक्ट रेंच लावायचा असेल तर 50 लिटरच्या खाली उतरू नका. रंगकाम हे वेगळंच प्रकरण आहे.

दुकानदार एचपी सांगेल, तुम्ही सीएफएम विचारा

घरगुती मशीन बहुतेक 8 बारपर्यंत, म्हणजे सुमारे 116 पीएसआयपर्यंत दाब देतात. कारच्या चाकाला लागतात 30 ते 35 पीएसआय, त्यामुळे दाबाची चिंता नको. काम अडतं ते हवेच्या प्रमाणावर, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते (हाच सीएफएम) त्यावर. नेलगनला एक-दोन सीएफएम पुरतात, अर्ध्या इंची इम्पॅक्ट रेंचला चार-पाच लागतात. एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबावर जास्त हवेने रंग फवारणारी स्प्रेगन मात्र आठ ते बारा सीएफएम सहज पिते.

यातली गोम अशी की खोक्यावर बहुतेक वेळा डिस्प्लेसमेंटचा आकडा छापलेला असतो. पिस्टन कागदावर किती हवा ओढतो, तेवढंच तो सांगतो. प्रत्यक्षात नळीतून येणारी हवा म्हणजे एफएडी, आणि ती बरीच कमी भरते. दर एचपीला तीन-चार सीएफएम मिळाले तर मशीन चांगलं समजा. खात्री दुकानातच करता येते. टाकी पूर्ण रिकामी करायला सांगा, मशीन चालू करा आणि मोबाईलवर वेळ लावा. 25 लिटरची टाकी शून्यावरून 8 बारवर जायला 2 मिनिटं लागली, तर 25 गुणिले 8 म्हणजे 200 लिटर हवा 2 मिनिटांत आली. मिनिटाला 100 लिटर, म्हणजे साधारण साडेतीन सीएफएम. दुकानदार जरा वैतागतो, पण दोन मिनिटांचाच प्रश्न आहे.

मी हे गणित न करता असल्याच मशीनवर वडिलांची जुनी चेतक रंगवायला घेतली होती. साइड कव्हरचा अर्धा भाग नीट झाला, मग दाब पडला आणि गन थुंकायला लागली. त्यात टाकीतलं पाणी रंगात उतरलं आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल डाग उठले. सगळं घासून काढावं लागलं. मोठी टाकी घेतली असती तरी फार फरक पडला नसता. तिने फक्त थोडी जास्त उसंत मिळते, मोटर जेवढी हवा देते तेवढीच देते.

ऑईलवाला की ऑईल-फ्री

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवणार असाल तर ऑईल-फ्री घ्या. आवाज कमी, वजन कमी आणि आडवा पडला तरी तेल सांडायची भीती नाही. स्वतंत्र घर असेल आणि मशीन रोजचं वापरायचं असेल तर ऑईलवाला जास्त टिकतो, पण 2800 आरपीएमची डायरेक्ट मोटर कानठळ्या बसवते. शेजाऱ्यांशी बोलचाल टिकवायची असेल तर दुपारच्या झोपेची वेळ टाळा.

जोडणी

2 एचपीची मोटर चालताना आठ-दहा अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. म्हणून 16 अँपिअरचं सॉकेट, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि नीट अर्थिंग एवढं वायरमनकडून आधी करून घ्या. मोबाईल चार्जरचा एक्स्टेंशन बोर्ड इथे चालत नाही: वायर तापते, व्होल्टेज पडतं आणि मोटर नुसती हूं करत उभी राहते. लांब पोहोचायचं असेल तर वायर नको, हवेची नळी वाढवा. मशीन सपाट जागी, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. हवेची लाईन पीव्हीसी पाईपची कधीही करू नका. तो फुटला की त्याचे तुकडे उडतात.

पाणी काढणं, हेच खरं मेंटेनन्स

30 अंश तापमानाच्या दमट हवेत घनमीटरमागे साधारण 25 ग्रॅम पाण्याची वाफ असते. 25 लिटरची टाकी एकदा 8 बारला भरली की 200 लिटर बाहेरची हवा आत कोंबली जाते. एवढ्या दाबाखाली हवा सगळी वाफ धरून ठेवू शकत नाही, आणि थंड झाली की चहाचा एक चमचाभर पाणी तळाशी साचतं. रोज दोनदा टाकी भरा आणि महिन्याचा हिशेब करा. माझा श्रीखंडाचा डबा असाच भरला होता. टाकी गंजते ती आतून, तळाला. बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो, त्यामुळे कळत नाही.

म्हणून काम संपलं की स्विच बंद करा, दाब 1 बारच्या आसपास उतरवा, टाकी कॉकच्या बाजूला किंचित कलती करा आणि कॉक उघडा. पाणी थांबून कोरडी हवा आली की झालं. पुढच्या वापरापर्यंत मी कॉक उघडाच ठेवतो. रंगकामासाठी पाण्याचा फिल्टर लावायचा असेल तर तो टाकीच्या तोंडाशी लावू नका, नळीच्या पुढच्या टोकाकडे लावा. तिथवर हवा थंड झालेली असते, त्यामुळे पाणी पकडलं जातं.

बाकीची देखभाल

ऑईलची पातळी काचेतल्या लाल ठिपक्याच्या मध्यावर हवी. ऑईल कॉम्प्रेसरचंच वापरा. गाडीच्या इंजिन ऑईलमधल्या डिटर्जंटमुळे आत काजळी धरते. ऑईल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, लगेच बदला. नव्या मशीनचं पहिलं ऑईल लवकर बदलायचं असतं, तास मॅन्युअलमध्ये दिलेले असतात. एअर फिल्टर महिन्यातून एकदा झटका. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंगही ओढून पाहा: हवा सुटली आणि सोडल्यावर बंद झाली म्हणजे ठीक. तो गळतो म्हणून बूच मारणारेही मी पाहिलेत, तसलं धाडस करू नका. नवा व्हॉल्व्ह स्वस्त असतो.

कान उघडे ठेवले तर निम्मे बिघाड आवाजावरून कळतात. मशीन बंद होताना प्रेशर स्विचमधून छोटा फुस्स आवाज यायला हवा. तो पिस्टनच्या डोक्यावरचा दाब सुटल्याचा असतो. आला नाही तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू व्हायला बघते आणि कुंथते. फुस्स थांबतच नसेल तर टाकीतली हवा मागे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय. टाकी पूर्ण रिकामी करून तो खोला, रबराची सील पुसा, टेफलॉन टेप गुंडाळून परत बसवा. जोडांची गळती शोधायला साबणाचं पाणी आणि जुना ब्रश पुरतो.

मी मशीन घेतलं त्या दिवशी टाकी भरायला किती वेळ लागला ते खडूने भिंतीवर लिहून ठेवलंय. दर खंडेनवमीला पान्हे, ड्रिल पुसताना पुन्हा वेळ मोजतो. गळती नसताना वेळ सव्वापट झाला की फिल्टर, मग व्हॉल्व्ह प्लेट, मग पिस्टनच्या रिंगा, या क्रमाने तपासायचं.

हवेचा फवारा अंगावर, कपड्यांवर किंवा गंमत म्हणूनही कोणाच्या शरीराकडे धरू नका; त्याने माणसं दगावली आहेत. डोळ्यांना गॉगल हवाच. टाकीला छिद्र पडलं तर वेल्डिंग करून वापरू नका, ती टाकी भंगारात द्या.

जुना कॉम्प्रेसर स्वस्तात मिळत असेल तर रंग, मोटर, चाकं हे सगळं नंतर बघा. आधी खाली वाकून ड्रेन कॉक हाताने फिरवून पाहा. तो जाम असेल तर मालकाने तो कधी उघडलेला नाही. पैसे खिशात ठेवा आणि परत या.