गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात मुलांना नेताय? गोचिडांकडे बघा
डिसेंबरात युवा मंडळाची पदभ्रमंती ठरली की सगळी चर्चा स्वेटर नि शिध्यावर जाते. सत्तरीत खरी काळजी गोचिडांची. माकडताप पसरवणाऱ्या बारीक गोचिडांचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, आणि सत्तरीत २०१५ पासून या तापाचे रुग्ण आढळले आहेत.

मुलं हाफ पँटवर येणारच, म्हणून आदल्या दिवशीच बजावा: पूर्ण बाह्यांचा फिकट शर्ट, लांब पँट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. ध्यान दिसतं, दिसू दे. जेवायला पाचोळ्यावर नको, मोकळ्या कातळावर बसा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा.

घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात. अंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट बघा. कालपर्यंत नसलेला बारीक काळा ठिपका दिसला तर तो तीळ समजू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. चिरडू नका, पेटती काडी तर मुळीच लावू नका. पुढच्या दोन आठवड्यांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना रानात जाऊन आल्याचं आधी सांगा.